ऑप-अँपचे पाय मोजताना

अण्णा,

या आठवड्यात ऑफिसात एका ऑप-अँपपायी माझे चार दिवस गेले, आणि त्या चार दिवसांत मी तुमच्याशी मनातल्या मनात जेवढं बोलले तेवढं तुम्ही गेल्यापासूनच्या चौदा वर्षांत बोलले नसेन. ऑप-अँप म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. आठ पायांचा काळा तुकडा, एका बाजूनं आलेला बारीक सिग्नल मोठा करून दुसरीकडून काढून देणारा. पौडच्या तुमच्या दुकानात लग्नातल्या लाउडस्पीकरचे अॅम्प्लिफायर दुरुस्तीला यायचे, त्यांत तो असायचा आणि तुम्ही त्याला 'आठपाया' म्हणायचात. आज रविवार. आम्ही मारुंजीहून माल्याला, आपल्या गावच्या घरी आलोय. दुपारची जेवणं झालीत, मी ओट्यावर बसलेय आणि घरात थोडी शांतता आहे, म्हणून हे लिहितेय.

तुमच्याकडं मी आले ती सून म्हणून. बार्शीकडची मुलगी, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, आणि तो डिप्लोमा पत्र्याच्या पेटीत साड्यांच्या तळाशी. लग्नाच्या बोलणीत तुम्ही त्याबद्दल एक शब्दही विचारला नव्हता, त्यामुळं तो विषय संपला असं मीही धरून चालले होते. लग्नाला महिना झाला असेल. मी चुलीपुढं भाकऱ्या थापतेय, आत्या (सासूबाईंना मी पहिल्यापासून आत्याच म्हणते) मागं बसून लसूण सोलतायत, आणि तुम्ही पौडहून संध्याकाळच्या एसटीनं येऊन तसेच चपला काढून स्वयंपाकघरात येता. एरवी तुम्ही तिकडं फिरकत नसायचात. खिशातून एक रेझिस्टर काढून तुम्ही परातीच्या कडेला ठेवलात आणि म्हणालात, "वाच." माझे हात पिठाचे. मी वाकून त्यावरच्या पट्ट्यांचे रंग बघितले. तपकिरी, काळा, तांबडा, सोनेरी. "एक हजार ओहम," मी म्हटलं, "पाच टक्के इकडंतिकडं." तुम्ही तो उचलून परत खिशात टाकलात. "उद्या डबा दोघांचा बांध," एवढंच बोलून बाहेर गेलात. आत्यांच्या हातातला लसूण हातातच राहिला. "सुनंला दुकानात बसवणार व्हय तुमी? लोक काय म्हणतील?" त्या म्हणाल्या. बाहेरून तुमचा आवाज आला, "लोकांचं टीव्ही बिघडलं की लोक गप येत्यात."

आणि तसंच झालं. स्टँडसमोरचा तो एवढासा गाळा, पुढं काचेचं कपाट, मागं टेबल, टेबलावर उघडे पडलेले टीव्ही आणि टेप. पहिले काही दिवस गिऱ्हाइकं माझ्याकडं न बघता तुम्हालाच विचारायची. घरात मला 'पोरी' म्हणणारे तुम्ही त्यांना सांगायचात, "म्याडमना दाखवा, त्या बघतील." मला त्या शब्दाची इतकी लाज वाटायची की मी मान खाली घालून नुसते स्क्रू काढत बसायचे. कॉलेजात मी सर्किटांची गणितं सोडवली होती, पण बंद पडलेल्या वस्तूला हात कुठून लावायचा हे मला माहीत नव्हतं. ते तुम्ही शिकवलंत. पहिल्यांदा वीज येतेय का बघ. मग ती कुठपर्यंत जातेय ते बघ. जिथं थांबली तिथं बस.

एक दिवस मात्र मी विसरत नाही. शाळेच्या गॅदरिंगचा अॅम्प्लिफायर आला होता, कार्यक्रम दुसऱ्या दिवशी. आतला एक ट्रान्झिस्टर गेला होता. तुम्ही पिरंगुटला कुणाचा तरी टीव्ही बघायला गेला होतात. मी डब्यातून त्याच नंबरचा नवा ट्रान्झिस्टर काढला, पुस्तकात त्याच्या तीन पायांचा क्रम बघितला, तसा बसवला आणि बटण दाबलं. आधी वास आला, मग धूर. तो ट्रान्झिस्टर गेलाच, शेजारचे दोन घेऊन गेला. तुम्ही परत आलात तेव्हा मी तशीच बसले होते. तुम्ही जळका तुकडा चिमट्यानं उचलून उजेडात धरलात.

"पाय मोजलं व्हतंस?"

"पुस्तकात क्रम होता, अण्णा. नंबर तोच होता."

"पुस्तक लिवणाऱ्यानं ह्यो तुकडा बघितला व्हता का?"

मी पुस्तक मिटलं.

"नंबर एक असला म्हणून पाय एक नसत्यात. ह्यो दुसऱ्या कंपनीचा हाय. मधला पाय त्यांनी कडंला नेलाय. आपल्या हातात जे हाय त्येचं पाय आपुन मोजायचं. कागदाला इचारून बसवायचं न्हाई."

तुम्ही आवाज चढवला नाहीत, पण समोर गिऱ्हाईक बसलं होतं आणि त्याच्यादेखत बोललात, ते मला आठ दिवस लागून राहिलं. त्या आठ दिवसांत मी जे बघत होते तेही सांगते. शाळेचे मुख्याध्यापक आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझ्या हातनं जळला, सर. सकाळी घेऊन जावा." जळालेल्यांच्या जागी नवे तुकडे बाजारातून आणायला वेळ नव्हता, तर तुम्ही दिवसभर गाणी ऐकायचात तो दुकानातला स्वतःचा टेप उघडलात आणि त्यातले काढून बसवलेत. गॅदरिंग व्यवस्थित पार पडलं. दुकानात पंधरा दिवस गाणं लागलं नाही. आणि डब्यातले होते नव्हते ते सगळे ट्रान्झिस्टर तुम्ही माझ्यापुढं ओतलेत आणि एकेकाचे पाय मीटरनं मोजून घेतलेत. दुपारी सुरू केलं ते दिवेलागणीपर्यंत. शेवटी शेवटी मला पुस्तक लागेनासं झालं.

पुढं टीव्हीच बदलले. बारीक झाले, भिंतीवर गेले, आणि बिघडले की लोक नवे आणू लागले. तुम्ही एक दिवस डबा खाता खाता म्हणालात, "आता कुणी नीट करून घेत न्हाई, फेकत्यात. तू हितं गंजशील." मारुंजीत दवाखान्यांची यंत्रं बनवणारी एक छोटी कंपनी आहे आणि तिथं माणसं घेतायत, हे तुम्ही कुठून तरी ऐकून आला होतात. मला घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही पौडला रांगेत उभं राहून माझा बसचा पास काढलात. पासला फोटो लागतो. माझे फोटो सगळे माहेरी राहिलेले. तुम्ही कुणाला न विचारता लग्नाच्या फोटोतून माझा चेहरा कात्रीनं चौकोनी कापून घेतलात. आजही आमच्या अल्बममध्ये तुमचा मुलगा फेटा बांधून एका चौकोनी भोकाशेजारी हसत उभा आहे. आत्या दोन दिवस तुमच्याशी बोलल्या नाहीत. मी घोटावडे फाट्याला बस बदलताना तो पास पदराखालून काढायची आणि मला हसू यायचं. तसली भेट मला नंतर कुणी दिली नाही.

एकदाच तुम्ही माझ्या ऑफिसात आलात. धुतलेला सदरा, टोपी, आणि वाकून संगणकाच्या पडद्याकडं बघणं. मी तुम्हाला दाखवलं की सर्किट आधी इथं चित्रासारखं काढायचं, प्रत्येक तुकडा कसा वागतो ते सांगणारी एक छोटी फाइल असते, तिला मॉडेल म्हणतात, ती जोडायची, आणि बटण दाबलं की सगळं सर्किट आतल्या आत चालून बघता येतं. एक हिरवी रेघ पडद्यावर लाटेसारखी उमटली. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात.

"ह्येच्यात धूर निघतो का?"

"नाही, अण्णा. हे नुसतं गणित आहे. खरं काही जळत नाही."

"मग चुकलं ते कळायचं कसं?"

"एरर येते."

"आन् न्हाई आली तर?"

मी हसले. म्हटलं, तर बरोबर आहे असं समजायचं. तुम्ही हसला नाहीत. त्याच वर्षी भातकाढणीच्या दिवसांत तुम्ही गेलात. सकाळी चहा घेतलात, छातीत दुखतंय म्हणालात, आणि पौडच्या दवाखान्यापर्यंतही आम्ही तुम्हाला पोचवू शकलो नाही. दुकानाच्या गाळ्यात आता जमिनीचे व्यवहार करणाऱ्यांचं ऑफिस आहे. मी तिथून जाते तेव्हा आत बघत नाही.

आता या आठवड्याचं सांगते. आम्ही तान्ह्या बाळासाठी एक यंत्र करतोय. बाळाच्या पोटावर मऊ पट्टा बांधायचा, श्वासाबरोबर तो हलतो, त्या हलण्याचा अगदी बारीक सिग्नल येतो, आणि श्वास थांबला तर यंत्र ओरडतं. जिथं रात्रंदिवस बाळाजवळ बसायला नर्स नसते अशा लहान दवाखान्यांसाठी. त्या बारीक सिग्नलला मोठं करणारा भाग माझ्याकडं आहे. जुना ऑप-अँप मिळेनासा झाला म्हणून नवा घेतला आणि सोमवारी त्याचं मॉडेल सर्किटात बसवलं. पहिली एरर आली की या नावाचं मॉडेलच सापडत नाही. चित्रात लिहिलेलं नाव आणि फाइलमधलं नाव यांत एका अक्षराचा फरक होता. तो सुधारला. मग सर्किट चालू झालं, पण आउटपुट वर गेलं ते पाच व्होल्टला जाऊन चिकटलं, आणि थोड्या वेळानं सॉफ्टवेअरनं हात टेकले. गणित जुळत नाही, पुढं जाता येत नाही, असा निरोप देऊन थांबलं. मंगळवारी दिवसभर मी सॉफ्टवेअरच्या सेटिंग बदलत राहिले. कधी लवकर थांबायचं, कधी उशिरा.

माझ्या शेजारी लातूरची एक इंजिनिअर बसते, हुशार आहे. ती म्हणाली, "मॅडम, त्या मॉडेलमध्येच लोचा असेल. आयडियल टाका ना, सगळे तेच करतात." आयडियल म्हणजे सॉफ्टवेअरमधला एक असा ऑप-अँप, जो कुठल्याच कंपनीचा नाही. त्याला वीज देणारे पायसुद्धा नसतात. तो कधी दमत नाही, कुठं अडत नाही, सांगाल तेवढं मोठं करून देतो. मी तो टाकला आणि बटण दाबल्याबरोबर बाळाच्या श्वासाची सुंदर लाट पडद्यावर आली. नेमके तेव्हाच साहेब मागं येऊन उभे राहिले. "झालं ना? मग उद्या बोर्ड बनवायला टाकू," म्हणाले. मी हो म्हटलं, अण्णा. दोन दिवस डोकं शिणलं होतं आणि लाट छान दिसत होती.

बुधवारी सकाळी मी कणीक मळत होते आणि तुमचा प्रश्न आठवला. आन् न्हाई आली तर? चौदा वर्षांपूर्वी मी हसून दिलेलं उत्तर मला कणकेसकट परातीत ठेवून द्यावंसं वाटलं. ऑफिसात गेले ती थेट साहेबांकडं. म्हटलं, "काल मी हो म्हटलं ते चुकलं. मी दाखवलं ते आपल्या चिपचं नव्हतं."

"मग कुणाचं होतं?"

"कुणाचंच नव्हतं."

त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, एवढी वर्षं काम करताय तुम्ही." काचेच्या केबिनमधून सगळं दिसतं, आणि बाहेर सगळे बघत होते. पंधरा वर्षांच्या नोकरीत माझ्यावर अशी वेळ आली नव्हती. त्यांनी बोर्डाचं काम गुरुवार संध्याकाळपर्यंत थांबवलं.

मग मी सर्किट बाजूला ठेवलं आणि तुम्ही शिकवलं तसं केलं. तो एकटा ऑप-अँप कोऱ्या पानावर घेतला. त्याला वीज दिली, आत जाईल तेवढंच बाहेर यावं अशी साधी जोडणी केली आणि एक व्होल्ट दिला. बाहेरही एक व्होल्ट यायला हवा होता. तो पाच व्होल्टला जाऊन चिकटला. म्हणजे सर्किटाचा दोष नव्हता, सेटिंगचाही नव्हता, हाच तुकडा आपण चुकीचा धरला होता. फाइल उघडली. वरच्या ओळीत पायांचा क्रम असतो, एवढ्या दिवसांत मी तो बघितलाच नव्हता. सिग्नल घेणारे दोन पाय असतात, एक सरळ आणि एक उलटा. फाइल करणाऱ्यांनी सरळ पाय आधी लिहिला होता, आणि चित्रातल्या चिन्हात उलटा आधी होता. सॉफ्टवेअर पायांची नावं बघत नाही, क्रमानं जोडत जातं. त्यामुळं आउटपुटला आवर घालायला मागं आणलेली तार त्याला उलट वरच ढकलत होती. नंबर तोच, कंपनीही तीच, तरी पाय वेगळे. मी तुमच्या आवाजात ते ऐकलं आणि मोठ्यानं हसले. लातूरची मुलगी म्हणाली, "मॅडम, बऱ्या आहात ना?"

पाय बदलल्यावर एकही एरर आली नाही. लाट आली, पण ती खालच्या बाजूनं सपाट कापलेली होती. एरर आली नाही म्हणून मी तिथं थांबले नाही, एवढं मात्र या वेळी केलं. खऱ्या चिपला आम्ही शून्य ते पाच व्होल्ट एवढीच वीज देतो, ती शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, आणि आमचा सिग्नल शून्याच्या वरखाली हलत होता. खालचा अर्धा भाग गायब. आयडियलला विजेचे पायच नव्हते, म्हणून त्यात ते दिसलं नव्हतं. बाळाचा श्वास मंद झाला असता तर त्याची लाट त्या सपाटीत बुडून गेली असती, आणि मंद श्वास कुठला आणि थांबलेला कुठला हे यंत्राला सांगता आलं नसतं. मंगळवारच्या माझ्या होकारावर बोर्ड झाले असते तर ते तसे झाले असते. मग सिग्नलला शून्य आणि पाचच्या मधोमध उचलून धरणारे दोन रेझिस्टर घातले, आणि गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास पूर्ण लाट आली, वरपासून खालपर्यंत. साहेबांनी ती बघितली, सपाट कापलेलीही बघितली, आणि म्हणाले, "थांबवलंत ते बरं केलंत." निघताना त्या मुलीनं विचारलं, "हे एकटं काढून पाय मोजायचं तुम्हाला कुणी शिकवलं? कॉलेजात तर कुणी सांगत नाही."

"सासऱ्यांनी."

"ते इंजिनिअर होते?"

"पौडला टीव्ही नीट करायचे," मी म्हटलं, आणि ते म्हणताना मला फार बरं वाटलं.

हे सगळं सांगायला बसले होते. तेवढ्यात तुमचा मुलगा आतून आला. "काय लिवतीस एवढं?" त्यानं विचारलं. त्याला बघून आठवलं, एक गोष्ट लिहायची राहिलीय, ती लिहून टाकते. तुम्ही त्याला कधी दुकानात बसू दिलं नाहीत. "त्येचा हात कापतोय," असं म्हणायचात, त्याच्यासमोर आणि माझ्यासमोरही. एकदा तुम्ही डोळे दाखवायला पुण्याला गेला होतात. एका रेडिओच्या आतली केसाएवढी बारीक तार तुटली होती, मी चार वेळा सोल्डर मारून बघितलं, जमेना. तो डबा द्यायला आला होता. "बघू," म्हणाला, बसला, श्वास धरला आणि एका फटक्यात ती जोडली. तुम्ही परत आल्यावर भिंगातून बघितलीत आणि माझ्याकडं वळून म्हणालात, "आता हात बसला तुझा." तो दारातच उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. खरं सांगितलं तर माझी जागा जाईल असं मला वाटलं आणि मी बोलले नाही. तोही बोलला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. रोज चाळीस माणसं बसवून तो कंपनीची बस चालवतो, अण्णा. त्याचा हात कापत नाही. ती तार त्यानं जोडली होती.

मी तेव्हा का बोलले नाही हे खरं तर तुमच्याआधी त्याला सांगायला हवं, आणि तो माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा आहे. मी म्हटलं, "ऑफिसचं आहे," आणि कागद पालथा घातला.